उंबऱ्यावरची वॉटरबॅग

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या डब्यांच्या मागून ती निघाली. हिरवी वॉटरबॅग. प्लॅस्टिक पिवळट पडलं होतं, झाकणाची साखळी कधीच गेली होती, आणि खांद्याला अडकवायच्या पट्ट्यावर, जिथे तो एकदा तुटला होता तिथे, सुतळीचे सात टाके होते. बाटली बोटाने दाबली तर तडकेल अशी झाली होती, पण टाके तसेच घट्ट.

"ताई, ही टाकायची ना?" रंगारीकाकांनी शिडीवरूनच विचारलं. "भंगारवालापण घेणार नाही हो."

"नाही टाकायची."

"गळकी असेल ती."

"असू द्या गळकी."

ते हसले आणि पुढच्या डब्याकडे वळले. मी झाकण उघडून नाक आत घातलं. शाळेच्या वॉटरबॅगला एक वास असतो, उन्हात तापलेल्या पाण्याचा आणि प्लॅस्टिकचा. तो इतक्या वर्षांनी राहील अशी आशा नव्हती. नव्हताच. पण पट्ट्याला अजून तागाचा वास येत होता, निदान मला तरी आला, आणि खालच्या खोलीत रंगाचे डबे उघडलेले असताना मी नांदगावच्या बाजार समितीत जाऊन उभी राहिले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे गोण्यांची तोंडं शिवायचे. मका, बाजरी, कधी हरभरा, जे येईल ते. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. एका गोणीला किती टाके लागतात हे त्यांना मोजावं लागत नसे, हात आपोआप थांबत असे. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या अंगाला तागाचा वास यायचा आणि भुवयांवर धान्याची पांढरी धूळ असायची. त्यांना सही येत नव्हती. आईलाही नाही. आमचं गाव नांदगावपासून तासाभराच्या चालीवर होतं. उन्हाळ्यात विहिरी तळाला जायच्या आणि टँकर यायचा, तो आला की साऱ्या गावाचा आवाज एकच व्हायचा. घागरी, कळशा, डबे, पत्रा पत्र्यावर आपटल्याचा आवाज.

माझा वाढदिवस एक जूनला. हे वाचून माझ्या वयाचे कितीतरी जण हसतील, कारण त्यांचाही एक जूनलाच असेल. मला शाळेत घालायला अण्णा आणि आई दोघं गेले होते. गुरुजींनी विचारलं, "जन्म कधीचा?" आईने आठवून सांगितलं, "हुरडा चालू व्हता. थंडी लय व्हती." गुरुजी म्हणाले, "बाई, या रजिस्टरात हुरड्याचा रकाना नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावला, तो जेमतेम पोचला, आणि मी त्या वर्षी शाळेत बसेन अशा बेताने त्यांनी एक जून लिहून टाकला. आमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं त्या एकाच दिवशी जन्मली होती.

चौथी संपल्यावर दाखला मिळाला, तेव्हा ती तारीख मी पहिल्यांदा स्वतः वाचली. घरी येऊन जाहीर केलं, "माझा वाढदिवस एक जूनला असतो."

अण्णा हसले. "बरं. मग काय करत्यात त्या दिवशी?"

"भेट देतात."

"कोण देतं?"

"घरचे."

त्या एक जूनला बाजारातून येताना अण्णांनी ही वॉटरबॅग आणली. पाचवीपासून मला नांदगावच्या शाळेत चालत जायचं होतं, आणि तिथल्या नळाला उन्हात पाणी नसतं हे त्यांनी आधीच जाऊन पाहून ठेवलं होतं. रोज सकाळी आई स्वतःसाठी पाणी काढायच्या आधी माझी वॉटरबॅग भरायची. घरातल्या माठातलं पहिलं पाणी माझं. सहावीत पट्टा तुटला तेव्हा अण्णांनी तो गोणीसारखा शिवला. वर्गातल्या मुली म्हणाल्या, "गोणीवाल्याची पोरगी." मी म्हटलं, "हो." मला तेव्हा ते उत्तर पुरेसं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पुढे दर एक जूनला काहीतरी येत राहिलं. कंपासपेटी, कॅनव्हासचे बूट, छत्री. बारावीच्या वर्षी एक मोठ्या काचेचा कंदील. दरवेळी येणाऱ्या वर्षात मला काय लागेल हे त्यांनी कुठेतरी विचारून, कधी माझ्या वर्गशिक्षकांना गाठून, काढलेलं असायचं. केक कधी आला नाही. आई मात्र गुळाचा शिरा करायची आणि म्हणायची, "खरा कवा हाय त्यो देवाला ठावं, खा."

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली. निकालाचा कागद अण्णांनी धान्याच्या धुळीचे हात धुऊन मग हातात घेतला.

लग्न होऊन मी नाशिकला आले ते अंबडच्या कारखान्यांजवळच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात. याच घरात. नवरा टर्नर. त्याचं नाव दिलीप. घरात मी त्याला 'अहो' म्हणायचे, इथे लिहिताना नाव लिहिते. त्याच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, आणि शिफ्टचा भोंगा वाजला की माझ्या हातातली पोळी आपोआप घाईने लाटली जायची. त्याच्या घरचे त्र्यंबकेश्वराकडचे, भाताची शेती असलेले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या गावाहून आल्या की त्यांच्या लुगड्याला राब भाजल्याचा धूर असायचा, भाताच्या रोपांसाठी शेतात जाळलेल्या पाल्याचा, गोडसर. मला तो वास आवडायचा. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, कारण आमचं फारसं जमत नव्हतं.

आणि अण्णा. लग्नानंतर ते दोन वर्षांत तीनदा आले. तिन्ही वेळा उंबऱ्यावरच बसले.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापाने पाणीसुद्धा प्यायचं नाही असा नेम होता. दिलीपच्या घरीही तोच. कोणी घातला, का घातला, विचारून कोणाला सांगता आलं नाही. अण्णा पहाटेच्या पॅसेंजरने नाशिक रोडला उतरायचे, तिथून सिटी बसने यायचे, आणि घामाने भिजलेले दारात बसायचे. मी भांडं भरून उभी. त्यांच्या खांद्याला माझी हिरवी वॉटरबॅग. झाकण फिरवायचे, मान वर करायचे, आणि नांदगावहून आणलेलं, रस्त्यात तापून गेलेलं पाणी वरून तोंडात सोडायचे. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची. माझ्या हातातलं भांडं थंडगार असायचं आणि बाहेरून त्याला घाम आलेला असायचा.

"अण्णा, हे पाणी काय माझ्या सासऱ्यांनी बनवलंय का? नळाला येतं हे."

"नेम हाय बाई. मी नाय काढला."

"मग तुम्ही तरी का पाळता?"

"तुझं चांगलं व्हावं म्हून," ते म्हणायचे आणि झाकण बंद करायचे.

ते गेल्यावर मी ते भांडं मोरीत ओतायचे. ओतताना आवाज मुद्दाम मोठा करायचे.

दोन हजार दोन साली मी बी.एड. करत होते. लग्न ठरताना अण्णांनी हुंडा नाही आणि बी.एड. करू द्यायचं एवढंच कबूल करून घेतलं होतं. परीक्षा त्या वर्षी लांबत लांबत जूनच्या पहिल्या आठवड्यावर गेली. आणि मला सातवा महिना संपत आला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात जायचं, कारण आठव्यात प्रवास करायचा नाही. म्हणजे परीक्षा तोंडावर असताना नांदगावला जाऊन बसायचं आणि वर्ष घालवायचं. आत्याबाई खास मला सांभाळायला येऊन राहिल्या होत्या, पण जून लागला की त्यांना गावी जाणं भाग होतं. राब भाजून तयार होते, भाताचं बी टाकायचं होतं, सासरे एकटे होते. दिलीपची शिफ्ट आठवड्याला बदलायची. घरात मी एकटी राहणार, पोट एवढं, उन्हाळा तसला. त्यांचं चुकत नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की माझं वर्ष जाणार, मग मूल होणार, मग पुढचं वर्षही जाणार, आणि तो कागद मला कधीच मिळणार नाही. आमच्या वर्गात हुशार असलेल्या दोन मुलींचं तसंच झालं होतं.

"मी पेपर देणार," मी म्हटलं.

"पेपर काय पळून चालल्यात?" आत्याबाई म्हणाल्या.

"बाळ कुठे पळून चाललंय, आत्याबाई? पेपरच चाललेत."

दिलीप भाकरी खाता खाता हसला आणि आत्याबाईंनी पाहिल्यावर पाणी प्यायला लागला.

मी माहेरी पत्र लिहिलं. शेजारचा मास्तर ते वाचून दाखवायचा, त्यामुळे पत्रात रडायची सोय नव्हती. लिहिलं की मला परीक्षा द्यायची आहे. लिहिलं की कॉलेजचे बाक जोडलेले आहेत, पुढे-मागे सरकत नाहीत, पोट अडतं आणि बसायची फळी कडक आहे, तीन तास कसं बसावं कळत नाही. शेवटी, जागा उरली म्हणून, लिहिलं की मला सारखा नव्या माठाच्या वासाचा डोहाळा लागलाय, कोरड्या मडक्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तो, आणि इथे फ्रीजच्या बाटल्या आहेत. आत्याबाईंनी तोवर कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातून नांदगावला निरोप धाडला होता, एक तारखेला या आणि लेकीला घेऊन जा.

एक जूनच्या सकाळी आत्याबाईंनी माझी बॅग भरून दाराशी ठेवली. कपड्यांवर कडुलिंबाचा पाला घातला होता. बॅगेत पुस्तकं नव्हती.

दिलीप रात्रपाळीहून आला तो काखेत काहीतरी घेऊन. खोक्याच्या लाकडाची एक उतरती फळी, खाली टेकू म्हणून लोखंडी पट्ट्यांचा घोडा, कडांना काचपेपर मारलेला. ती त्याने ओट्यावर ठेवली.

"ही बाकावर ठेवायची. मागे टेकून बसलीस तरी कागद तुझ्याजवळ येतो. पोट मोकळं राहतं." मग जरा थांबून, "वाढदिवस ना आज."

गेल्या आठवड्यात त्याने मला उगाच विचारलं होतं, बाक केवढा, फळी किती उंच. मी विती मोजून सांगितलं होतं आणि विसरले होते. मी फळीला नाक लावलं. ताज्या लाकडाचा वास, त्याखाली मशीनचं तेल.

"आणि आत्याबाईंना काय सांगायचं?" मी विचारलं.

"ते मला नाही जमत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मला एवढंच जमतं."

अकराच्या सुमाराला अण्णा आणि आई आले. अण्णांच्या एका खांद्याला वॉटरबॅग, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेला एक नवा लाल माठ. पॅसेंजरमध्ये, सिटी बसमध्ये, सगळी वाट त्यांनी तो मांडीवर धरला होता. आईच्या हातात बोचकं. अण्णा उंबऱ्यावर बसले. आई दाराबाहेर, भिंतीला टेकून. मी भांडं भरून आणलं नाही. त्या दिवशी माझ्याने ते झालंच नसतं.

आईने बोचकं सोडलं. आत एक जाड बस्कर होतं, गोधडीसारखं शिवलेलं, चौकोनी, बाकावर बसेल एवढं. वरच्या थरात तिच्या जुन्या लुगड्याचा काठ, आणि मधोमध निळा तुकडा. माझ्या पाचवीच्या गणवेशाचा.

"बाळाचं आधी काही शिवू नाय," ती म्हणाली. "म्हून हे तुझं शिवलं."

त्या महिन्यांत जो येई तो पोटाकडे बघून बोलायचा. बाळाला हे, बाळाला ते. त्या सकाळी मी कोणालातरी दिसत होते, कोणीतरी माझ्या बसण्याला, माझ्या पाठीला, माझ्या हाताला काय लागतं ते विचारून आलं होतं.

अण्णांनी माठ पुढे सरकवला. वॉटरबॅगेतलं थोडं पाणी तळहातावर घेऊन त्यावर शिंपडलं. "घे वास."

मी खाली वाकू शकत नव्हते. त्यांनी माठ उचलून माझ्या तोंडाशी धरला. तो वास मी कशाशी तोलू? गावात टँकर आल्यावर सांडलेल्या पाण्याने मातीला येणारा वास, आईच्या माठातल्या पहिल्या पाण्याचा वास. मी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

आत्याबाई हे सगळं ओट्याजवळून पाहत होत्या. त्या पुढे आल्या. "इवाई, माठ कशाला वाहून आणला? तिला न्यायचीच हाय ना तुमच्याकडं?"

"न्यायला नाय आलो, ताई," अण्णा म्हणाले. "वाढदिवसाला आलो."

"कोणचा वाढदिवस? त्यो तर शाळंतला, खोटा."

"खोटा असंल. पण ज्या गुरुजीनं लिवला त्यानं पोर शाळंत घेतली. खऱ्या तारखेनं काय दिलं तिला?"

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आन् हिला बघायचं कोनी? मला परवा बी टाकायचंय. ह्याची पाळी. काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मी राहते की," आई म्हणाली.

"राहता?" आत्याबाई थांबल्या. "आन् खाणार काय? पिणार काय? नांदगावहून टँकर आणणार का?"

दिलीप फळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

आत्याबाईंचा आवाज उतरला. "नेम मोडला आन् पोटातल्याला लागलं तर? मी वाईट म्हून नाय म्हणत, इहीणबाई. मला भ्या वाटतं."

आई उठून उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून, बस्कराची घडी सारखी करत, ती बोलली. "माझी आय माझ्या दारात अशीच यिऊन बसली व्हती. चैतात. चार कोस चालून. मी आत रांजणापाशी, ती भायेर. घोटभर नाय पिली. तशीच उठून गेली आन् त्याच साली वारली." घडी परत उलगडली, परत घातली. "नेम पाळला व्हता ना तिनं? तरी माझं पयलं गेलंच."

मला माझ्याआधी कोणी होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या हातात अजून माठाचा ओलेपणा होता. अण्णांनी मान खाली घातली होती. त्यांनाही हे कोणी मोठ्याने बोललेलं ऐकून वर्षं झाली असतील.

मग आत्याबाईंनीच वाट काढली. हुशार बाई होती ती. "असं करा. माठ तुमचा हाय, तुमच्या गावचा. त्यो हितं ठेवा, त्यातलं प्या. मंजे तुमचंच पाणी झालं. नेमबी राहिला, इहीणबाईबी राहिल्या."

दिलीपने सुटकेने माझ्याकडे पाहिलं. आईनेही मान हलवली असती. वाट चांगलीच होती. अण्णांनी माठाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यावरून एकदा बोट फिरवलं, जसे ते शिवून झालेली गोणी चाचपायचे.

"नको, ताई," ते म्हणाले. "आडून प्यायचं तर कशाला प्यायचं?" आणि माझ्याकडे वळले. "बाई, पाणी दे. नळाचं दे."

मोरीपासून उंबऱ्यापर्यंत सहा पावलं आहेत. आज सकाळी मी परत मोजली. त्या दिवशी ती मी कशी चालले आठवत नाही, पण भांडं काठोकाठ भरलं होतं आणि माझ्या पायावर सांडत होतं. मागून आत्याबाई म्हणाल्या, "हळू, हळू गं." त्या पाण्यासाठी म्हणाल्या की माझ्यासाठी, कोण जाणे.

अण्णा नेहमी वरून प्यायचे. स्वतःच्या लेकीच्या वॉटरबॅगलाही त्यांनी कधी ओठ लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी भांडं तोंडाला लावलं. घटाघटा आवाज आला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. पाणी संपल्यावर त्यांनी भांडं उलटं करून दाखवलं, माझ्या लहानपणी मी दूध संपवल्यावर दाखवायचे तसं.

"अजून दे. तुझ्या आईला दे."

आई प्यायला लागली आणि मध्येच थांबली. पदर तोंडाला लावला. मग उरलेलं प्यायली. कोणासाठी थांबली हे मला विचारावं लागलं नाही.

आत्याबाईंनी दाराशी ठेवलेली माझी बॅग उचलली. मला वाटलं, त्या रागाने ती बाहेर फेकतील. त्यांनी ती आत नेली, पलंगावर उघडली, पाला झटकला आणि कपडे कपाटात लावायला लागल्या. आतूनच ओरडल्या, "आता प्यालात ना? मग उंबऱ्यावर काय बसलाय? आत या. चहा टाकते. साखर कमी पडंल, आधीच सांगते."

त्या पुढे दोन दिवसांनी गावी गेल्या. जाताना आईला नळ कधी येतो, दूधवाला कसा फसवतो, दिलीपला तिखट किती लागतं, हे सगळं दोनदोनदा सांगून गेल्या. दारातून वळून मला म्हणाल्या, "पास हो मंजे झालं. एवढं करून नापास झालीस तर मी पाणी पाजणार नाय तुला."

मी सात पेपर दिले. उतरती फळी बाकावर ठेवली की मुली वळून बघायच्या. कॉलेजच्या प्राचार्य बाईंनी आधी परवानगी दिली होती, तरी पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी ती खालून-वरून तपासली. बस्कराचा निळा तुकडा माझ्याखाली असायचा. आई कॉलेजबाहेर कडुलिंबाच्या सावलीत बसायची. तोवर नवा माठ मुरला होता. त्यातलं पाणी ती दुधाच्या किटलीत घेऊन यायची आणि मी बाहेर आले की काही न विचारता पुढे करायची. तिला प्रश्नपत्रिका वाचता येत नव्हती, पण मी पाणी कसं पिते त्यावरून पेपर कसा गेला हे ती ओळखायची.

खोटं कशाला सांगू, भीती मलाही वाटली. पोटात बाळ जरा वेळ हललं नाही की मला ते सहा पावलांवरचं भांडं आठवायचं. मी हात पोटावर ठेवून मनात म्हणायचे, पाणी दिलंय बाळा फक्त, पाणी. नववा लागल्यावर आम्ही नांदगावला गेलो. मुलगी झाली, नाकीडोळी आत्याबाईंसारखी, आवाजाने तर थेट त्यांचीच. त्या बघायला आल्या, तिला मांडीवर घेतलं आणि अण्णांना म्हणाल्या, "पाण्यानं काही केलं नाय हो इवाई." अण्णा म्हणाले, "पाणी काय करंल?"

आता आत्याबाई नाहीत, अण्णाही नाहीत. माठ तिसऱ्या उन्हाळ्यात चिरला, त्यात मी अनेक वर्षं तुळस लावली होती. फळी लेकीने दहावीपर्यंत वापरली आणि नंतर घोडा गंजला. बस्कर माझ्या शाळेत आहे, माझ्या खुर्चीवर, अजून. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, बाई, नवी गादी मागवू का? मी नको म्हटलं.

वर्गात पाचवीचं रजिस्टर भरताना अजूनही एखादी एक जून सापडते. मी त्या मुलीला विचारते, वाढदिवसाला घरी काय आणतात? तिला हसू येतं. मी हसत नाही.

वॉटरबॅग मात्र या घरी कशी राहिली ते सांगायचं राहिलं. त्या एक जूनला अण्णा संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत निघाले. ते गेल्यावर पाहते तर ती उंबऱ्याच्या कोपऱ्यात तशीच. गाडी, गर्दी, वाटेत तहान लागेल म्हणून मी ती घाईघाईने भरली आणि तशा अवघडल्या अंगाने बसथांब्यापर्यंत गेले. आई मागून ओरडत होती. बस उभीच होती. अण्णा खिडकीशी बसले होते.

"अण्णा, वॉटरबॅग विसरलात."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, घ्यायला. त्यांनी पट्ट्यावरच्या स्वतःच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि हात आत घेतला.

"इसरलो नाय. राहू दे घरी," ते म्हणाले. "आता हितं पाणी हाय की मला."